त्या दिवशी होडी होती का

कुमुदवहिनींनी बाड माझ्यापुढं ठेवलं. "चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

भालचंद्रला जाऊन तीन महिने झाले होते. खुंटीला त्याची छत्री तशीच होती. मी नाडी सोडली. फुलस्केप कागद, त्याचं ते बारीक, उजवीकडं झुकलेलं अक्षर. वर नाव नव्हतं. नुसतं 'प्रकरण पहिलं'. भालचंद्र उपळेकर कादंबरी लिहीत होता हे बावीस वर्षांच्या मैत्रीत मला ठाऊक नव्हतं. आणि मी तर छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. गावातल्या नवशिक्या कवींचीसुद्धा बाडं आधी माझ्याकडं येत.

वहिनी कप घेऊन आल्या. "दोनशे बारा पानं आहेत भावजी. शेवट नाही."

"छापायची आहे?"

"तुम्हाला छापण्यासारखी वाटली तर. पण शेवट तुम्ही लिहायचा."

"मी? मी दुसऱ्याच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढतो वहिनी. मला कुठलं लिहिता येतंय."

"मला जास्त काही विचारू नका. इस्पितळात मी म्हटलं, अहो, शेवट राहिला की. तर म्हणाले, जनूला ठाऊक आहे."

मी बाड घरी आणलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं.

गोष्ट साधी होती. रघुनाथ नावाचा एक माणूस एका मोठ्या धरणाच्या पाण्याभोवती गावोगाव हिंडतो. त्याचा सोबती कधी काळी त्याच्यासाठी औषध आणायला म्हणून होडीत बसून गेला, तो परत आला नाही. रघुनाथ त्याला शोधतो आहे. प्रत्येक घाटावर उतरतो, लोकांच्या ओसरीवर बसतो, भाकरी खातो आणि एकच विचारतो. लोक त्याला स्वतःच्याच गोष्टी सांगत बसतात. कुणाचं घर पाण्याखाली गेलंय, कुणाची बहीण पलीकडच्या काठाला दिलीय. तो ऐकून घेतो आणि पुढच्या घाटाला जातो. वाचताना मला मधेच असं वाटलं, की याला तो सोबती सापडायला नको आहे. दोनशे बाराव्या पानावर शेवटची ओळ होती: 'रघुनाथनं विचारलं, त्या दिवशी होडी होती का? तेव्हा म्हातारा म्हणाला,'

स्वल्पविरामापुढं कागद कोरा होता.

मला शेवट का ठाऊक असावा, हे इथं सांगायला हवं. सहासष्ट साली भालचंद्र आणि मी, दोघं तेवीस वर्षांचे, धरणापलीकडच्या निवळी नावाच्या गावी मास्तर होतो. जुनी निवळी पाण्यात गेली होती. वर डोंगरउतारावर चाळीस घरं नव्यानं उभी राहिली होती, आणि एका बाजूला कुडाच्या भिंतींची शाळा. आम्ही शाळेतच राहायचो. त्या वर्षी भाद्रपदात भालचंद्रला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तो बरळायला लागला. डॉक्टर पलीकडच्या काठाला उंबरघाटला. मी पहाटेच होडीनं डॉक्टर आणायला निघालो. उंबरघाटला पोचलो तर डॉक्टर फिरतीवर गेलेले. तेवढ्यात पावसानं जोर धरला, वारं सुटलं, पाणी खवळलं आणि होडी बंद झाली. मी उंबरघाटलाच अडकलो. दोन दिवस वाट बघून साताऱ्याला काकांकडं गेलो, तिथं मलाच ताप आला. मग काकांनी नोकरी सोडायला लावली आणि त्यांच्या छापखान्यात घेतलं. भालचंद्र वाचला, पण उजव्या कानानं कायमचा बहिरा झाला. पाच आठवड्यांनी तो साताऱ्यात माझ्या दारात उभा राहिला, नुसता हाडांचा सापळा.

मी म्हणालो, "होडीच बंद होती रे."

तो म्हणाला, "हो. पाऊस फार होता."

हे मी सगळ्यांना सांगत आलो होतो. आईला, काकांना, बायकोला, कुमुदवहिनींनासुद्धा. सांगून सांगून त्यातला पाऊस मला अंगावर पडल्यासारखा आठवायचा.

मी वहिनींना म्हणालो, की शेवट लिहायचा तर ती जागा एकदा बघून यायला हवी. त्या म्हणाल्या, "जा की. पितृपक्षात जा. ते दरवर्षी पितृपक्षातच जायचे."

"कुठं जायचा?"

"निवळीला. तुम्हाला बोलले नाहीत?"

मला तो बोलला नव्हता. दर भाद्रपदात दोन दिवस तो गावी जातो, वडिलांच्या श्राद्धाला, असं मी समजत होतो.

*

उंबरघाटच्या काठावर मी उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. पाण्यावर धुकं बसलं होतं. पलीकडचा डोंगर दिसत नव्हता, नुसता असल्यासारखा वाटत होता. होडीत एक म्हातारा वल्ही मांडीवर घेऊन बसला होता. गेनू आडके. त्या काळी तिशीतला दांडगा माणूस, आता गालफडं बसलेली. मी त्याला लगेच ओळखलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, पायांकडं बघितलं, हातातल्या पिशवीकडं बघितलं.

"निवळी?"

"हो."

"बसा."

तासभर तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही. धुक्यात वल्ह्याचा आवाज पुढून यायचा, मग मागून यायचा. एके ठिकाणी त्यानं वल्हं थांबवलं आणि पाण्याकडं हनुवटी केली. "हितं खाली जुनी निवळी." बस, एवढंच. मी खाली बघितलं. पाणी काळं होतं. माझाच चेहरा हालत होता.

भालचंद्र मला आपल्याबरोबर कधी का घेऊन आला नाही, याचा मी विचार करत होतो. खरं सांगायचं तर मी शेवट शोधायला आलोच नव्हतो. त्या स्वल्पविरामापुढं बोलणारा म्हातारा जिवंत आहे की नाही, एवढंच मला बघायचं होतं. आणि तो समोर बसून वल्हं मारत होता.

निवळीला शाळा आता दगडी झाली होती. तिच्यामागं हौसाआक्काचं घर होतं. आम्ही मास्तर असताना आम्हाला दोन वेळा भाकरी करून घालणारी ही बाई. भालचंद्रला तापात तिनंच सांभाळलं होतं. ती उंबऱ्यात बसली होती, डोळ्यांत पांढरे पडदे. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"कोन? उपळेकर मास्तर आलासा?"

"नाही आक्का. मी त्यांचा मित्र. साताऱ्याहून आलोय."

"त्ये न्हाई आलं?"

मी सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग सुनेला हाक मारून म्हणाली, "आगं, पाव्हन्याला पानी दे. आन् आज दोन पानं वाढ. एक उपळेकर मास्तरांचं बी."

"दोन?" मी विचारलं.

"एक दरसालचं हाये न्हवं, खटावकर मास्तरांचं."

माझं नाव जनार्दन खटावकर.

सुनेनं दिलेला तांब्या माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला. आक्का सांगत होती. तिला सांगायला आवडत होतं, गावात हे ऐकून घेणारं आता कुणी उरलं नसावं.

"तुमास्नी म्हाईत नसंल. दोघं मास्तर व्हते. उपळेकर मास्तरास्नी ताप आला, हातापायाचं भान न्हाई. तवा दुसरे, खटावकर मास्तर, लई गुनी लेकरू, किती लहान, मिसरूड बी धड न्हाई फुटलेलं. त्यो निघाला, डाक्टर घिऊन येतो म्हनला. ग्येला त्यो ग्येलाच. त्या हप्त्यात कुनाची तरी होडी उलटी तरंगत गावली. मी तवाच वळाकलं. डाक्टर मिळाला नसंल, तर पोरगं ऱ्हायलं नसंल तकडं. सोबती हिकडं पडलाय म्हनून निघालं असंल, आन् पान्यानं घेतलं. दोन दिस मी चूल न्हाई पेटवली बगा."

"उपळेकरांना हे सांगितलंत?"

"सांगितलं की. शुद्धीवर आल्यावर म्या त्येंच्या डोक्याशी बसून सांगितलं. त्ये नुसतं भित्ताडाकडं बगत ऱ्हायलं. तवापास्नं दर पितृपक्षात येत्यात. म्या इचारते, मास्तर, गावला का सोबती? कुटं हाडं तरी? त्ये म्हनत्यात, शोधतोय आक्का."

सुनेनं दोन पानं वाढली. भात, वरण, भोपळ्याची भाजी, अळूची वडी, खीर. आक्कानं एक पान माझ्यापुढं सरकवलं.

"ह्ये खटावकर मास्तरांचं. दरसाली उपळेकर मास्तर पान्याला नेऊन ठेवायचं. आता तुमी ठेवा. उपळेकर मास्तरांचं सून ठेवंल."

मी ते पान दोन्ही हातांत घेतलं आणि घाट उतरलो.

*

गेनू खाली दगडावर बसून विडी ओढत होता. मी पान पाण्यापाशी ठेवलं. खिरीचे थेंब मनगटावर सांडले. मागं वळलो तर तो माझ्याकडंच बघत होता.

"सोताचं पान सोता ठेवनारा मानूस म्या पयल्यांदा बगितला," तो म्हणाला.

मी मनगटावरची खीर पाण्यात धुतली.

"होडीत बसतानाच वळाकलं मी तुमास्नी. म्हनलं, ह्यो बोलतोय का बगू."

"गेनू, त्या दिवशी पाऊस..."

"कसला पाऊस?" त्यानं विडी दगडावर विझवली. "भुरभुर व्हती. पानी निवांत व्हतं. तुमास्नी उंबरघाटला सोडलं, तुमी म्हनलासा हितंच थांब, डाक्टर घिऊन आलोच. म्या थांबलो. दिसभर थांबलो. होडीतच निजलो. दुसरा दिस थांबलो. मग म्हनलं, ह्ये काय झालं, आन् वर चढून दवाखान्यात ग्येलो. डाक्टर बसलं व्हतं की खुर्चीत. म्हनाले, कोन मास्तर? हितं कुनी न्हाई आलं."

"मग डॉक्टर..."

"म्या आनला त्येला. तवर तिकडं कान ग्येला व्हता."

धुकं आता वर उचललं होतं. पलीकडचा काठ दिसायला लागला होता, उंबरघाटची चढण, वरची चार पत्र्याची छपरं. मी बघत राहिलो. दवाखान्याचं दार उघडं होतं त्या दिवशीसुद्धा. बाहेर बाकावर दोन बायका बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर पोर. मी दारापर्यंत गेलो होतो. समोर थांब्यावर साताऱ्याची एसटी उभी होती आणि कंडक्टरनं घंटी मारली.

"उपळेकरांना हे तू सांगितलंस?" मी विचारलं.

"त्येंनी इचारलंच न्हाई कंदी."

"कधीच नाही?"

"वीस-बावीस साल येत व्हते. ह्याच धोंड्यावर बसून लिव्हायचे. येकदा म्याच न ऱ्हावून म्हनलं, मास्तर, तुमी गावोगाव शोधत हिंडताय, त्यो सातारला जित्ता हाये, मला एसटीवाल्यानं सांगितलंय. तर म्हनाले, गेनू, मला ठावं हाये. दर आयतवारी माझ्याकडं येतो. मग म्हनाले, आक्काला सांगू नकोस. लई रडलीया ती त्येच्यासाठी, ते वाया जाया नको."

तो उठला, धोतर झटकलं, होडीकडं दोन पावलं गेला. मग वळून म्हणाला, "मास्तर, येक इचारू? राग येऊ देऊ नका."

"विचार."

"डाक्टर आनाया निघालेला मानूस ट्रंक कशापायी बरुबर घेतो?"

"कसली ट्रंक?" मी विचारलं.

"लोखंडी. हिरवी. म्याच डोक्यावरनं उतरवली घाटावर. जड व्हती. तुमी म्हनलासा, पुस्तकं हायेत."

बावीस वर्षं मी जी गोष्ट सांगत होतो, तिच्यात ट्रंक नव्हती. कुणापासून लपवली होती असंही नाही, माझ्या स्वतःच्या आठवणीतच ती नव्हती. गेनूनं तिचा रंग सांगितला आणि ती आली, तिच्याबरोबर सगळी खोली आली. पहाटेचा उजेड कुडातून आत येत होता. मी धोतरं घडी करून ट्रंकेत ठेवत होतो, कडी वाजू नये म्हणून तिच्यावर रुमाल धरून. भालचंद्रच्या अंगाचा वास येत होता, आंबूस, आणि त्याच्या घशात काहीतरी घरघरत होतं. तो मरणार याची मला खात्री होती. मरताना मी तिथं नसावं, एवढंच मला हवं होतं. त्याच्या उशाशी पाण्याचं भांडं ठेवलं आणि ट्रंक उचलली. दारातून बघितलं तर त्याचे डोळे उघडे होते. ट्रंकेकडंच होते. तापात माणसाचे डोळे असेच उघडे राहतात, असं मी त्या क्षणी ठरवलं.

त्याला होडीचं विचारायची गरजच नव्हती.

मी पुन्हा घाट चढलो. आक्का उंबऱ्यातच होती.

"ठेवलं पान?"

"ठेवलं." मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "आक्का, मी जनार्दन. मीच खटावकर मास्तर. मी बुडालो नव्हतो."

तिनं हात पुढं केला. माझा चेहरा चाचपला, कपाळ, चष्मा, गालाची सुटलेली कातडी. बोटं खरखरीत होती आणि त्यांना भोपळ्याच्या भाजीचा वास होता. खूप वेळ ती चाचपत होती. मग हात मागं घेतला आणि पदराला पुसला.

"न्हाई," ती म्हणाली. "त्यो जित्ता असता तर आला असता."

"आक्का, मी खरंच..."

"आवं, तुमास्नी म्हाईत न्हाई त्यो. सोबत्याला टाकून ऱ्हायाचा न्हाई त्यो." मग जरा थांबून, समजूत घालावी तशी म्हणाली, "मित्र ग्येल्यावर मानसाला असं हुतंया. कायबाय वाटतंया. जेवून घ्या तुमी."

मी जेवलो. सून वाढत होती आणि आक्का मला खटावकर मास्तरांच्या गोष्टी सांगत होती. त्यानं पोरांना सुतळीचा भोवरा फिरवायला कसं शिकवलं, तिच्या पायात काटा मोडला तर त्यानं तो सुईनं कसा काढला. त्यातली एकही खोटी नव्हती.

*

साताऱ्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाड घेऊन वहिनींकडं गेलो. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"झाला शेवट?" त्यांनी विचारलं.

"नाही. मला लिहिता येणार नाही. पण काय झालं ते सांगतो." मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसलो तर सांगणं होणार नाही असं वाटलं म्हणून. "वहिनी, त्या दिवशी होडी होती. पाऊस नव्हता. डॉक्टर दवाखान्यात होते. मी आत गेलोच नाही. मी निघतानाच माझी ट्रंक घेऊन निघालो होतो. त्याचा कान माझ्यामुळं गेला."

त्यांची बोटं ताटात फिरत राहिली. एक खडा निघाला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"लग्न झालं त्या वर्षीपासून. तुम्ही पहिल्यांदा जेवायला येणार होतात, त्या दिवशी सकाळी त्यांनी सगळं सांगितलं. ट्रंकसुद्धा."

खाली रस्त्यावरून एक हातगाडी गेली.

"तरी इतकी वर्षं तुम्ही मला वाढत होतात?"

त्यांनी ताट बाजूला केलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. त्या नजरेत मला आजपर्यंत कधी न दिसलेलं काहीतरी होतं. ते नवीन नसावं. मीच कधी बघितलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, त्या माणसाला मी या घरात वाढणार नाही. तर हे म्हणाले, वाढ. तो एक दिवस सांगेल. तो सांगेल तेव्हा तू घरात असायला हवीस."